साखळीने मोजलेला पश्चिम : अमेरिकेचा विस्तार आणि कारखानदारी

शिवारवाट

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेविषयी आपल्याकडे जे वाचायला मिळते, त्यात साधारणपणे दोन स्वतंत्र प्रकरणे असतात. एका प्रकरणात कापडी छपराच्या गाड्यांतून पश्चिमेकडे निघालेली कुटुंबे असतात, तर दुसऱ्यात पूर्वेकडच्या गिरण्या, पोलादाच्या भट्ट्या आणि कोट्यधीश. गेले काही महिने या विषयावर वाचत असताना माझे मत असे होत गेले की ही दोन प्रकरणे मुळात एकच आहेत आणि त्यांची गाठ जमीनमोजणीच्या साखळीशी पडते. जाणकारांनी हे मत तपासून पाहावे, म्हणून हा धागा काढत आहे.

संघराज्याची घटना तयार होण्याच्याही आधी, १७८५ मध्ये, तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, असा नियम केला की ओहायो नदीपलीकडची जमीन विकण्यापूर्वी मोजली जाईल, आणि ती ६६ फुटी साखळीने मोजली जाईल. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होतो. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौकोनाला टाउनशिप म्हणायचे, तिचे ३६ तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा, आणि त्यांतला सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळेच्या खर्चासाठी राखून ठेवायचा. सातबारा वाचणाऱ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. आपला गुंठा ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असतो, म्हणजे त्याची बाजू बरोबर अर्ध्या साखळीची भरते. दोन्हीकडचे मोजमाप इंग्रजी एकरात बसवलेले असल्यामुळे हा मेळ बसतो.

साम्य इथेच संपते. आपल्याकडे मोजणीदार आला तेव्हा शेत होते, बांध होता आणि बांधावरून चाललेले भांडणही होते. जे होते ते त्याने कागदावर घेतले. तिकडे चौकोन आधी आखले गेले आणि नदी, टेकडी किंवा तिथे राहणारी माणसे यांपैकी कशाचीही दखल त्या रेषांनी घेतली नाही. याचा व्यवहारातला परिणाम मोठा होता. न्यूयॉर्कमध्ये बसलेला मनुष्य न पाहिलेली जमीन केवळ क्रमांकावरून विकत घेऊ शकत होता, गहाण ठेवू शकत होता आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याला विकूही शकत होता. १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना लुइझियाना प्रदेश घेतला गेला, तेव्हा सुमारे ८,२८,००० चौरस मैलांना हेच माप लागू होण्याची वाट मोकळी झाली. १८२० च्या कायद्याने किमान ८० एकर, एकरी सव्वा डॉलर आणि रक्कम रोख, असा दर ठरला.

पुढचा टप्पा १८६२ चा आहे. सहा-सात आठवड्यांत तीन कायदे झाले : २० मे रोजी वसाहतदाराला १६० एकर देणारा होमस्टेड कायदा, १ जुलैला पॅसिफिक रेल्वेचा कायदा आणि २ जुलैला मोरिल कायदा, ज्यातून शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालये उभी राहिली. यादवी युद्ध सुरू होते, दक्षिणेचे बहुतेक सदस्य सभागृह सोडून गेले होते आणि वर्षानुवर्षे अडलेली ही विधेयके म्हणूनच झटपट पुढे सरकली. तिन्ही कायद्यांत सरकारने दिलेले भांडवल एकच होते, ते म्हणजे मोजलेली जमीन. माझे म्हणणे इतकेच की तिथली कारखानदारी या भांडवलावर उभी आहे. ते कुठे लंगडे पडते ते सांगावे.

ओमाहाकर

शिवारवाट, आपण लिहिलेल्या साखळीवरून मी रोज गाडी चालवते. मी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरापासून तासाभराच्या अंतरावर, पश्चिमेला राहते. गाव संपले की रस्ते एकेका मैलावर एकमेकांना काटकोनात छेदू लागतात, कारण ते तुकड्यांच्या हद्दींवरूनच काढलेले आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा हळूहळू जवळ येतात, आणि चौकोन अरुंद होऊ नयेत म्हणून मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर नव्याने आखणी सुरू केली. अशा ठिकाणी नाकासमोर चाललेला रस्ता अचानक काटकोनात वळतो, थोडे अंतर आडवा जातो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. माझ्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरून मी अशाच एका वळणावर गाडीसकट मक्याच्या शेतात गेले होते. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढणाऱ्या शेतकऱ्याने शांतपणे सांगितले की दर वर्षी कोणीतरी येतेच.

होमस्टेड जमिनीला सर्रास ‘फुकट’ म्हटले जाते, त्याबद्दल थोडे लिहिते. १६० एकर म्हणजे आपले ६,४०० गुंठे. अर्जाचे शुल्क किरकोळ होते, परंतु पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन वहितीखाली आणायची, ही अट होती. नेब्रास्काच्या माळावर घराला लाकूड कुठून आणायचे? लोक गवताच्या मुळांसकट मातीचे पट्टे नांगराने उपटत, त्यांचे तुकडे विटांसारखे रचत आणि त्यातच राहत. पाऊस थांबल्यावरही अशा घराचे छप्पर गळतच राही. चुलीला सरपण नसल्यामुळे बायका माळावरून बायसनच्या रानगोवऱ्या वेचून आणत. हे वाचताना मला आजोळची आठवण झाली होती.

आपल्या मुद्द्याला यातून बळच मिळते असे मला वाटते. माती तिथली होती. पण खिडकीची काच, खिळे, लोखंडी चूल आणि नांगर हे सगळे कारखान्यातून येत होते. इथली काळी चिकट माती बिडाच्या नांगराला लगडून बसे आणि दर काही पावलांवर फाळ खरवडावा लागे. इलिनॉयमधील जॉन डीअर या लोहाराने १८३७ मध्ये गुळगुळीत पोलादी फाळ केला तो त्यावर उपाय म्हणून. पुढे कुंपणासाठीही लाकूड नव्हते, तेव्हा १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट मिळवले.

रूळफाटा

धाग्यात रूळ अजून आले नाहीत, म्हणून लिहितो.

१८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिकने पूर्वेकडून आणि सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रमेंटोकडून मार्ग टाकायचा होता. सपाटीवर दर मैलाला १६,००० डॉलर, मधल्या उंच पठारावर ३२,००० आणि डोंगरात ४८,००० डॉलर मिळायचे. शिवाय मार्गाच्या दोन्ही बाजूंची जमीन बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे वाटली गेली : एक घर कंपनीचे, शेजारचे सरकारचे. सुरुवातीला मैलामागे असे दहा तुकडे मिळत होते, १८६४ मध्ये ते वीस झाले. शिवारवाट यांच्या चौकोनांवाचून हे वाटप कागदावर लिहिणेसुद्धा अवघड गेले असते. आपल्याकडे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. तिकडे कंपन्यांना भुलवायला जमीन होती. पैसे मैलांवर मिळत असल्यामुळे कंपन्यांना थांबण्याची घाई नव्हती. दोन्हींच्या भरावाच्या टोळ्या एकमेकींना ओलांडून समांतर पुढे निघून गेल्या आणि अखेर १८६९ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसला भेटीची जागा ठरवून द्यावी लागली.

रूळ अमेरिकेतच बनवलेल्या लोखंडाचे असावेत अशी अट कायद्यात होती. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या कामासाठी पूर्वेकडच्या कारखान्यांतले रूळ जहाजात भरून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून आणले जात होते. पश्चिमेच्या रेल्वेने पूर्वेच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या, त्या अशा.

सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये बोगदे खोदणारे मजूर बहुतांश चिनी होते. शिखराजवळचा बोगदा १,६५९ फुटांचा आहे. तिथे पुष्कळ दिवस चोवीस तासांत फूटभर प्रगती झाली तरी ती चांगली मानली जाई, आणि शेवटी जागेवरच नायट्रोग्लिसरीन तयार करून सुरुंग उडवावे लागले. १८६७ च्या जूनमध्ये हजारो चिनी मजुरांनी महिना ४० डॉलर मजुरी आणि कामाचे कमी तास मागत काम बंद केले. मारामारी झाली नाही, दंगा झाला नाही. बांधकाम पाहणारे चार्ल्स क्रॉकर यांनी त्यांचा शिधा बंद केला आणि आठवडाभरात संप मोडला. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रोमोंटरी येथे रूळ जुळले आणि तारेवरून देशभर एकच शब्द गेला, ‘झाले’. पुढे १८८२ मध्ये चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला.

तळटीप

रूळफाटा यांच्या माहितीत एक दुरुस्ती आणि मूळ लेखावर एक आक्षेप.

दुरुस्ती अशी की मैलामागचे ते डॉलर देणगी नव्हती. सरकारने ते रोख्यांच्या रूपाने कर्जाऊ दिले होते आणि त्यांची वसुली शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. देणगी होती ती जमीन. युनियन पॅसिफिकच्या सूत्रधारांनी क्रेडिट मोबिलिए नावाची स्वतःचीच बांधकाम कंपनी काढून स्वतःलाच फुगवलेल्या दराने कंत्राटे दिली आणि काँग्रेसच्या सदस्यांना स्वस्तात भाग वाटले. १८७२ मध्ये हे प्रकरण बाहेर आले. टक्केवारीचे गणित नवे नाही, एवढे म्हणून थांबतो.

आक्षेप असा की ‘कारखानदारी मोजलेल्या जमिनीवर उभी राहिली’ हे विधान फार सरळ झाले. अल्बानी ते बफेलो हा ३६३ मैलांचा ईरी कालवा न्यूयॉर्क राज्याने १८१७ ते १८२५ या काळात खोदला. चाळीस फूट रुंद, जेमतेम चार फूट खोल, वर खेचरांनी ओढायच्या नावा. विरोधक त्याला गव्हर्नर क्लिंटन यांचा खड्डा म्हणत. त्या खड्ड्याने बफेलोहून न्यूयॉर्कला टनभर माल नेण्याचा खर्च सुमारे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास आणला. चौकोन कितीही नेटके आखले असते, तरी तिथला गहू बंदरापर्यंत परवडणाऱ्या भाड्यात पोहोचला नसता तर त्या जमिनीला किंमत कोणी दिली असती?

अडत्या

तळटीप यांचा प्रश्न आमच्या धंद्यातला असल्याने लिहिण्याचे धाडस करतो. आमच्या घरात तीन पिढ्यांची अडत आहे. आमच्या यार्डात आजही पोत्यात नळी खुपसून नमुना काढतात, खरेदीदार तळहातावर दाणे घोळवतो, आणि हा माल अमक्या गावच्या अमक्याचा आहे हे काट्यावरच्या मापाड्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. शिकागोमध्ये १८५० च्या दशकात नेमकी हीच गोष्ट संपली.

गहू पोत्यांतून येई तोवर पोते ज्याचे त्याचे असे. १८४२ मध्ये बफेलोला जोसेफ डार्ट यांनी वाफेच्या इंजिनावर चालणारे उंच कोठार बांधले, ज्यात पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या धान्य वर उचलत आणि ते उतारावरून हव्या त्या कप्प्यात सोडले जाई. ही कोठारे शिकागोत उभी राहिली, रेल्वेचे डबे थेट त्यांच्या पोटात रिकामे होऊ लागले, आणि शंभर शेतकऱ्यांचा गहू एकाच कप्प्यात पडू लागला. मग कोणाचे दाणे कोणाला परत द्यायचे? १८४८ मध्ये स्थापन झालेल्या शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडने १८५६ मध्ये गव्हाची प्रतवारी ठरवून हा पेच सोडवला. शेतकऱ्याला पावती मिळे. त्या पावतीवर तेवढा, त्या प्रतीचा, कुठलाही गहू मिळण्याचा हक्क असे. पावती हातोहात विकली जाऊ लागली, आणि पेरणीही न झालेल्या गव्हाचे सौदे होऊ लागले. वायदे बाजाराचे रीतसर नियम १८६५ मध्ये झाले.

शिवारवाट यांनी जमिनीबद्दल जे लिहिले, तेच इथे दाण्यांचे झाले. क्रमांकावरून न पाहिलेले शेत विकता येते आणि प्रतीवरून न पाहिलेला गहू. गैरप्रकारही त्याच वाटेने आले : कोठारवाले संगनमताने दर ठरवीत आणि शेतकऱ्याचा माल खालच्या प्रतीत ढकलीत. शेतकऱ्यांच्या संघटनांनी जोर लावल्यावर इलिनॉय राज्याने कोठारांच्या दरांवर मर्यादा घातली आणि १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा ‘मन विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात उचलून धरला. आमच्या व्यवसायाला न्यायालयाचा निकाल सहसा आवडत नाही. हा मात्र योग्य होता.

नवखा

चर्चा उत्तम चालली आहे. एक शंका आहे. १८९२ च्या होमस्टेडच्या संपाविषयी वाचले होते. तो याच कायद्याखाली जमीन मिळालेल्या शेतकऱ्यांचा संप होता का?

तळटीप

नवखा, नाही. होमस्टेड हे पेनसिल्वेनियातले, पिट्सबर्गजवळचे गाव आहे. तिथे अँड्र्यू कार्नेगी यांचा पोलादाचा कारखाना होता. व्यवस्थापक हेन्री फ्रिक यांनी कामगारांना बाहेर काढून टाळे ठोकले आणि ६ जुलै १८९२ रोजी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेचे सुमारे ३०० हत्यारी पहारेकरी नदीतून तराफ्यांवर आणले. दोन्ही बाजूंची माणसे मेली, नंतर राज्याची फौज आली आणि संघटना मोडली. नामसाधर्म्यापलीकडे कायद्याशी संबंध नाही.

मात्र कार्नेगी यांचा या धाग्याशी वेगळा संबंध आहे. ते पेनसिल्वेनिया रेल्वेत नोकरी करून वर आले होते. १८७५ मध्ये त्यांनी ब्रॅडॉक येथे बेसेमर पद्धतीचा पोलादाचा कारखाना सुरू केला, त्याचे मुख्य उत्पादन रूळ हे होते, आणि त्याला त्यांनी नाव दिले ते एडगर थॉमसन यांचे, म्हणजे त्याच रेल्वेच्या अध्यक्षांचे. गिऱ्हाइकाचेच नाव दुकानाच्या पाटीवर लावल्यावर गिऱ्हाईक जाणार कुठे?

पाणंद

इतक्या प्रतिसादांत ज्यांची ती जमीन होती त्यांचा उल्लेख शिवारवाट यांच्या एका अर्ध्या वाक्यात आला आहे. ‘तिथे राहणारी माणसे’ एवढाच. हे मला खटकले.

१८३० च्या कायद्याने आग्नेयेकडील जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्यात आले, आणि १८३८-३९ च्या त्या वाटचालीत चेरोकींपैकी सुमारे ४,००० माणसे मरण पावली. त्यांच्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर कापूस लागला. १८६८ च्या फोर्ट लॅरमी येथील तहाने ब्लॅक हिल्सचे डोंगर माळावरच्या लकोटा जमातीकडे राहतील असे वचन दिले होते. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले आणि तीन वर्षांत ते डोंगर काढून घेतले गेले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मंजूर केली. लकोटांनी ती आजही स्वीकारलेली नाही. त्यांना डोंगर हवे आहेत.

कारखानदारीचा धागा इथे सर्वांत उघड दिसतो. बायसनच्या कातड्यापासून टिकाऊ चामडे कमावण्याची रीत १८७१ च्या सुमारास साधली आणि पूर्वेकडच्या व युरोपातल्या कारखान्यांत यंत्रे फिरवणाऱ्या पट्ट्यांसाठी त्या चामड्याला मागणी आली. रेल्वेने शिकारी माळावर आणले आणि कातडी परत नेली. मांस तिथेच कुजत पडले. कोट्यवधींचे कळप होते, १८८० चे दशक संपताना हजारसुद्धा जनावरे उरली नव्हती. त्यानंतर वसाहतदारांनी हाडे गोळा करून रेल्वेने पाठवली, खतासाठी आणि साखर शुद्ध करण्याच्या कोळशासाठी. पुष्कळ घरांत जमिनीची पहिली रोख मिळकत ही हाडांची होती. ओमाहाकर यांनी लिहिलेल्या रानगोवऱ्या ज्या जनावरांच्या, त्यांचीच ही हाडे.

शेवटी साखळी याही लोकांवर फिरली. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन मोडून कुटुंबप्रमुखाला प्रत्येकी १६० एकर दिले आणि उरलेली ‘शिल्लक’ म्हणून विकायला काढली. त्या वेळी सुमारे १३.८ कोटी एकर जमातींकडे होते, १९३४ मध्ये ४.८ कोटी राहिले.

माणदेशी

मला एकाच आकड्यावर बोलायचे आहे. १६० एकर हा आकडा पावसाच्या प्रदेशात बसून काढलेला आहे. शंभराव्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला २० इंचांहून कमी पाऊस पडतो, आणि २० इंच म्हणजे काय ते आम्हा माणदेशातल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. जॉन वेस्ली पॉवेल या एका हाताच्या भूवैज्ञानिकाने १८७८ च्या अहवालात स्पष्ट लिहिले होते की कोरड्या भागात पाटपाण्याखालचे शेत असेल तर ८० एकर पुरे, आणि चराईवर जगायचे असेल तर २,५६० एकर लागतील. चौकोनांऐवजी पाण्याच्या वाटेने हद्दी पाडाव्यात, असेही त्यांचे म्हणणे होते. त्याच सुमारास जमीन विकू पाहणारे मात्र ‘नांगर चालला की पाऊस मागोमाग येतो’ असे छापून सांगत होते. पॉवेल यांचे कोणी ऐकले नाही.

वऱ्हाडातून

पाणंद यांनी कापसाचा उल्लेख केला, म्हणून आमच्या बाजूचे थोडे. अमेरिकेचा विस्तार केवळ गव्हाचा नव्हता. अलाबामा, मिसिसिपी आणि पुढे टेक्सासपर्यंत कापसाचा पट्टा सरकत गेला आणि जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख गुलाम माणसे तिकडे हलवली गेली. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस तिथून जाई. १८६१ मध्ये युद्धाने तो बंद पडला आणि मुंबईला सोन्याचा पाऊस पडला : कापसाचे दलाल प्रेमचंद रायचंद, बॅकबेचा समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे फुगलेले भाग, रोज नव्या पेढ्या. १८६५ च्या वसंतात दक्षिणेच्या शरणागतीची बातमी आली आणि सगळे कोसळले. त्या तेजीत कर्ज काढून बसलेला शेतकरी भाव पडल्यावर सावकाराच्या वहीत अडकला; १२ मे १८७५ रोजी सुपे येथे वह्या जाळल्या गेल्या, त्यामागच्या अनेक कारणांत हे एक होते. वऱ्हाडात मात्र रूळ तोवर येऊन पोहोचले होते, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत, आणि कापूस आमच्याकडे कायमचा राहिला.

शिवारवाट

पाणंद यांचा आक्षेप मान्य आहे. ते अर्धे वाक्य लिहिताना मी रेषेकडे पाहत होतो, रेषेखाली कोण आहे याकडे नाही. तळटीप यांचेही बरोबर आहे. ईरी कालव्यावाचून माझी मांडणी अपुरी होती आणि ‘उभी राहिली’ऐवजी मी ‘उभी राहायला तारण मिळाले’ असे लिहायला हवे होते.

ओमाहाकर यांनी निरोपातून विचारले की झाड ना दगड अशा माळावर मोजणीदार हद्दीची खूण कशी ठेवीत, ते इथेच लिहितो. जंगलात काम सोपे होते. कोपऱ्याजवळच्या झाडाची साल तासून त्यावर क्रमांक कोरत. माळावर साखळीचे दोन गडी पुढे-मागे चालत, पुढचा लोखंडी खुंट्या रोवत जाई आणि मागचा उपटत येई, आणि खुंट्या मोजून अंतर धरले जाई. कोपरा आला की खड्डे खणून त्या मातीचा उंचवटा करीत, आणि त्याच्या पोटात खूण केलेला दगड, जळका खुंट किंवा थोडा कोळसा पुरीत, कारण कोळसा कुजत नाही. मोबदला मैलावर मिळत असल्याने काही मोजणीदारांनी तंबूत बसूनच मैल भरले, हे पुढे उघडकीला आले. तेव्हा ओमाहाकर, आपण ज्या वळणावर शेतात गेलात तिथल्या कोपऱ्याखाली कोळसा निघाला, तर तो मोजणीदार खरोखर तिथवर आला होता असे समजायला हरकत नाही.